ऐकीव वार्ता आणि स्वतःची साक्ष : संगणकाच्या जाळ्यातील मार्गनिवडीचा इतिहास

संगणकांच्या जाळ्याचा अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी आपल्या घरात अथवा शेजारी असेल, तर त्याला एकदा जरूर विचारा की, राउटर जुळवताना तू नेमके काय लिहितोस? तो आपल्याला आठ-दहा ओळी दाखवील. एका ओळीत राउटरचे ओळख-नाव, दुसरीत ‘एरिया शून्य’, तिसरीत प्रत्येक तारेचा खर्च, चौथीत १० सेकंद, पाचवीत ४० सेकंद. या ओळी त्याला तोंडपाठ असतील. परंतु १० च सेकंद का, ओळख-नाव दुसऱ्या कोणाचे का नसावे, खर्चाचा आकडा माणसाने का ठरवावा, असे विचारले तर तो बहुधा गप्प राहील. दोष त्याचा नाही. आपल्याकडे उत्तर आधी शिकवले जाते आणि ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न पुष्कळदा सांगायचाच राहून जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचा इतिहास सांगण्याचा अल्पसा प्रयत्न आहे. त्यासाठी गणिताची किंवा यंत्रशास्त्राची विशेष माहिती लागत नाही. थोडा धीर मात्र हवा.

राउटर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. टपालखात्यात पत्रांची छाटणी करणारे केंद्र असते. आलेल्या पत्रावरचा पत्ता वाचून ते कोणत्या गाडीत टाकावे, एवढेच तेथील माणूस ठरवतो. राउटरचे काम हेच. मजकुराचे लहान लहान तुकडे, ज्यांना पॅकेट म्हणतात, त्याच्याकडे येतात आणि पत्ता पाहून तो ते योग्य तारेवर ढकलतो. टपालखात्यात कोणती गाडी कोठे जाते हे वरिष्ठ ठरवून देतात. संगणकाच्या जाळ्यात मात्र तारा तुटतात, यंत्रे बंद पडतात, नवी यंत्रे येतात. आणि हे सारे क्षणात घडते. तेव्हा कोणत्या गावाला कोणत्या वाटेने जावे, हे राउटरांनी आपसात बोलूनच ठरवावे लागते. ते आपसात काय बोलतात आणि एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, हाच आपल्या कथेचा विषय आहे.

पहिली पद्धत : शेजाऱ्याने सांगितले म्हणून

१९६९ साली अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यात अवघी चार ठिकाणे होती. प्रत्येक ठिकाणी ‘इम्प’ नावाचे एक कपाटाएवढे यंत्र बसवलेले असे. हनीवेल कंपनीच्या संगणकावर हे यंत्र घडवण्याचे काम मॅसॅच्युसेट्स राज्यातील बीबीएन या कंपनीने केले होते. आजच्या राउटरचा हा पूर्वज. दोन इम्पना जोडणाऱ्या तारेतून सेकंदाला ५० हजार बिट जात.

या इम्पनी वाट ठरवण्याची जी पहिली रीत स्वीकारली, ती वरकरणी फार साधी होती. प्रत्येक इम्पजवळ एक तक्ता असे : अमुक ठिकाणी पोचायला माझ्यापासून इतका वेळ लागतो. हा तक्ता तो दर सेकंदाच्या आतबाहेर आपल्या शेजाऱ्यांना देई. शेजारी तो पाहून आपला तक्ता दुरुस्त करी व पुढच्याला देई. अशा रीतीने एका कोपऱ्यातील माहिती हळूहळू दुसऱ्या कोपऱ्यात पोचे.

आता यातील खोट पाहा. अ, ब आणि क ही तीन गावे एका रांगेत आहेत असे समजा. ब ला ठाऊक आहे की क एका टप्प्यावर आहे. अ ला ब कडून कळले आहे की क दोन टप्प्यांवर आहे. एके दिवशी ब आणि क यांच्यामधील पूल वाहून गेला. ब म्हणतो, माझी वाट तुटली; पण अ तर म्हणतो आहे की तो दोन टप्प्यांत क ला पोचतो. मग मी अ च्या मार्गे तीन टप्प्यांत जाईन. अ हे ऐकतो आणि आपला आकडा चार करतो. ब पाच करतो, अ सहा करतो. दोघेही प्रामाणिक आहेत, कोणी खोटे बोलत नाही, आणि तरीही दोघे मिळून एका नसलेल्या वाटेची वार्ता एकमेकांना सांगत बसतात. अ ने सांगितलेली गोष्ट मुळात ब कडूनच ऐकलेली होती, हे ब ला कळायला मार्गच नाही. तोवर क साठी निघालेली पॅकेटे अ आणि ब यांच्यामध्ये चेंडूसारखी टोलवली जातात.

याहून मोठा धोका एका यंत्राच्या बिघाडातून दिसून आला. हार्वर्ड विद्यापीठातील इम्पची स्मृती बिघडली आणि त्याच्या तक्त्यात जिकडेतिकडे शून्य उमटले. म्हणजे तो साऱ्या जाळ्याला सांगू लागला की, कोठेही जायचे असो, माझ्यापासून ते अंतर शून्य आहे. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर ठेवला, आणि जाळ्यातील वाहतूक हार्वर्डकडे वळून तेथेच गडप होऊ लागली. बीबीएनमधील जॉन मॅकक्विलन यांनी १९७४ साली हार्वर्ड विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या मार्गनिवडीच्या पद्धतींचा कसून अभ्यास केला. चांगली बातमी या जाळ्यात लवकर पसरते आणि वाईट बातमी फार सावकाश, हा दोष त्यांच्या नजरेत भरला होता.

दुसरी पद्धत : मी पाहिले तेवढेच सांगतो

यावर उपाय निघाला तो विचाराची दिशाच बदलून. वाचकहो, हा बदल नीट ध्यानात घ्यावा, कारण सारा लेख यावर उभा आहे. पहिल्या पद्धतीत प्रत्येकजण आपला निष्कर्ष शेजाऱ्याला सांगत असे. नव्या पद्धतीत निष्कर्ष सांगणेच बंद झाले. प्रत्येक इम्पने फक्त आपल्या दाराशी असलेल्या तारांविषयी बोलावे : माझे शेजारी अमुक, त्यांच्याकडे जाणारी तार चालू आहे आणि तिच्यावर इतका वेळ लागतो. हे निवेदन तो सर्व शेजाऱ्यांना देईल. शेजारी त्यातील मजकुरात काडीचाही फरक न करता ते आपल्या सर्व शेजाऱ्यांना देतील. थोड्याच वेळात प्रत्येकापाशी प्रत्येकाचे निवेदन जमा होईल. मग ती सारी जुळवून प्रत्येकाने जाळ्याचा नकाशा आपला आपण काढावा आणि वाटही आपली आपण शोधावी. प्रत्येक तारेची, म्हणजे ‘लिंक’ची, स्थिती कळवायची म्हणून या पद्धतीला ‘लिंक-स्टेट’ असे नाव पडले.

न्यायालयातील उदाहरण द्यायचे तर, ऐकीव गोष्ट बाजूला ठेवून प्रत्यक्षदर्शी साक्षीदारालाच बोलावण्याचा हा प्रकार होय. ब ला आता अ च्या सांगण्यावर क चा शोध घ्यावा लागत नाही. ब–क ही तार तुटल्याची साक्ष ब आणि क स्वतः देतात आणि ती सर्वदूर पोचताच सर्वांच्या नकाशातून ती तार पुसली जाते.

नकाशा हाती आल्यावर सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत मात्र जुनीच, तयार होती. नेदरलँड्समधील एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुण गणितज्ञाने १९५६ साली ती शोधून काढली होती. अ‍ॅम्स्टरडॅममधील एका कॉफीघराच्या गच्चीवर, वाग्दत्त वधूसमवेत बसले असता, कागद-पेन्सिल न घेता सुमारे २० मिनिटांत ती सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये विद्याव्यासंग करणाऱ्या अल् ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नकोच.

मे १९७९ मध्ये आर्पानेटवर ही नवी पद्धत लागू झाली. प्रत्येक इम्प दर १० सेकंदांची सरासरी काढून आपल्या तारांवरील विलंब मोजे, लक्षणीय फरक पडला तर निवेदन काढी, आणि फरक नसला तरी मिनिटातून एकदा तरी काढीच. जाळ्याच्या चालकांना वाटले की मोठा प्रश्न सुटला.

२७ ऑक्टोबर १९८०

दीड वर्षही लोटले नव्हते, तोच २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास निरुपयोगी होऊन पडले. त्याची चिकित्सा बीबीएनचे एरिक रोझेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. ती आजही वाचण्याजोगी आहे.

घडले ते असे. एकाच साक्षीदाराची दोन निवेदने हाती आली तर नवे कोणते हे कळावे म्हणून प्रत्येकावर एक अनुक्रमांक असे. जागा वाचवण्यासाठी या अनुक्रमांकाला सहाच बिट दिलेले होते, म्हणजे ० ते ६३ इतकेच आकडे. ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळात १२ नंतर १ येतो, म्हणून १ हा १२ च्या पुढचा समजायचा, तसाच हा हिशेब. एक आकडा दुसऱ्याच्या पुढे अर्ध्या वर्तुळाच्या आत असेल तर तो नवा, अन्यथा जुना.

त्या दिवशी २९ क्रमांकाच्या इम्पची स्मृती बिघडली होती आणि तिच्यातून बिट गळत होते. त्याचा शेजारी असलेल्या ५० क्रमांकाच्या इम्पची निवेदने त्याच्यामधून जात होती. एका निवेदनाचा अनुक्रमांक ४४ होता. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातील एक बिट गळाला आणि १०१००० झाले, म्हणजे ४०. आणखी एक गळाला आणि ००१००० झाले, म्हणजे ८. आता एकाच इम्पच्या नावाची तीन निवेदने जाळ्यात फिरू लागली : ८, ४० आणि ४४. वर्तुळाच्या हिशेबाने ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा! तिघांपैकी कोणीच शेवटचा नाही. प्रत्येक इम्प एक निवेदन घेई, पुढे पाठवी, लगेच त्याहून ‘नवे’ घेई, तेही पुढे पाठवी. हे काम सर्वांत महत्त्वाचे मानलेले असल्याने बाकी सारी कामे थांबली.

निवेदनाला वय असावे आणि म्हातारे झाले की ते बाद व्हावे, अशी तरतूद होती खरी. परंतु निवेदन एखाद्या इम्पच्या स्मृतीत काही सेकंद पडून राहिले तरच त्याचे वय मोजले जाई. ही तीन निवेदने इतक्या वेगाने पळत होती की त्यांचे वय वाढलेच नाही. एखादा इम्प बंद करून पुन्हा सुरू करावा, तर शेजारी तीच तीन निवेदने त्याच्या पदरात टाकीत. शेवटी ५० क्रमांकाच्या इम्पच्या निवेदनांकडे दुर्लक्ष करा, अशी सूचना सर्व यंत्रांत घालावी लागली, तेव्हा कोठे जाळे मोकळे झाले.

वाचकहो, साक्षीदार खरा होता. निरोप्याच्या हातून कागदावरची शाई पुसली गेली, आणि पुसलेला कागद तपासण्याची सोय कोणाजवळच नव्हती. साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याची असावी हे खरेच. पण ती वाटेत बदलली नाही आणि शिळी झालेली नाही, याचीही हमी हवी, हा धडा त्या दिवशी मिळाला.

आकड्यांमागची कारणे

रॅडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. बिघडलेले यंत्र बाजूला काढताच बाकीचे जाळे माणसाच्या मदतीवाचून आपोआप ताळ्यावर आले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत त्यांनी केलेल्या कामातून ‘आयएस-आयएस’ ही पद्धत उभी राहिली. पुढे १९९२ साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरीकडे इंटरनेटच्या अभियंत्यांनी जॉन मॉय यांच्या पुढाकाराने ‘ओएसपीएफ’ ही पद्धत बांधली. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९८९ मध्ये आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. एप्रिल १९९८ मध्ये निघालेला दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर आजही आधारभूत मानला जातो. तिच्या नावातील पहिला शब्द ‘ओपन’ आहे, कारण ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. कोणीही वाचावी आणि वापरावी.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या त्या आठ-दहा ओळींकडे परत येऊ आणि त्या एकेक करून वाचू.

राउटरचे ओळख-नाव जाळ्यात एकमेव असावे लागते. चुकून दोघांना एकच नाव दिले, तर दोघे एकाच सहीने वेगवेगळी साक्ष देऊ लागतात. प्रत्येकाला वाटते की आपल्या नावावर कोणी जुनी गोष्ट खपवतो आहे. म्हणून तो अनुक्रमांक वाढवून खंडन करतो. दुसराही तेच करतो. या भांडणाला अंत नाही. १९८० सालच्या त्या तीन निवेदनांचीच ही धाकटी बहीण.

अनुक्रमांकाला आता सहाऐवजी ३२ बिट दिले आहेत, आणि तो वर्तुळात न फिरता सरळ रेषेत वाढतो. नियमाप्रमाणे एक निवेदन पाच सेकंदांत एकदाच बदलता येते. त्या गतीने हे आकडे संपायला सहाशेहून अधिक वर्षे लागतील. प्रत्येक निवेदनासोबत मूळ साक्षीदाराने काढलेला पडताळणीचा आकडा असतो. तो निवेदन येताना तपासला जातो, आणि स्मृतीत पडून असतानाही अधूनमधून तपासला जातो. म्हणजे बिट गळाले तर ते तेथेच पकडले जावे.

‘ट्रान्समिट डिले’ म्हणून एक सेकंदाचा आकडा असतो. तो कशासाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निवेदन कितीही वेगाने पळाले तरी प्रत्येक टप्प्यावर त्याचे वय किमान एक सेकंदाने वाढलेच पाहिजे, म्हणून तो आहे. एका तासाचे झालेले निवेदन बाद होते. म्हणून साक्षीदाराला दर अर्ध्या तासाने आपली साक्ष पुन्हा द्यावी लागते, जरी सांगण्यासारखे नवे काही नसले तरी.

दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘हॅलो’ म्हणायचे आणि ४० सेकंद उत्तर आले नाही तर तो गेला असे समजायचे, हा नेहमीचा परिपाठ. मात्र हे दोन्ही आकडे दोन्ही शेजाऱ्यांकडे सारखेच हवेत. एकाकडे १० आणि दुसऱ्याकडे ३० असे झाले, तर तार धडधाकट असूनही त्यांची ओळखच होत नाही. नव्या विद्यार्थ्याचा दिवसच्या दिवस खाणारी चूक बहुधा हीच असते.

खर्चाच्या आकड्यामागे आणखी एक प्रकरण आहे. आर्पानेटवर तारेचा विलंब प्रत्यक्ष मोजला जाई. गर्दी वाढली की मोकळ्या तारेचा विलंब कमी दिसे आणि सारी वाहतूक एकदम तिकडे धावे. मग तिकडे गर्दी होई आणि सारे पुन्हा पहिल्या तारेकडे परतत. हा झोका थांबवण्यासाठी जुलै १९८७ मध्ये मोजण्याचे सूत्र बदलावे लागले. ओएसपीएफमध्ये म्हणूनच खर्च हा माणसाने ठरवून दिलेला स्थिर आकडा असतो. सिस्को कंपनीच्या राउटरांत तो बरीच वर्षे १०० मेगाबिटला तारेच्या वेगाने भागून आपोआप निघत आला आहे. त्यामुळे १०० मेगाबिटच्या तारेचा खर्च १ आणि त्याहून दसपट वेगवान तारेचाही १ च येतो. ज्याला हे माहीत असते तो आधारभूत आकडा वाढवून घेतो. ज्याने फक्त ओळ पाठ केली आहे, त्याची वेगवान तार आणि संथ तार राउटरला सारखीच दिसते.

शेवटी ‘एरिया शून्य’. जाळे मोठे झाले की प्रत्येकाची साक्ष प्रत्येकाने ऐकणे जड जाते. म्हणून जाळ्याचे विभाग पाडतात आणि सर्व विभाग शून्य क्रमांकाच्या मधल्या विभागाला जोडतात. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका विभागातील राउटरला दुसऱ्या विभागाची प्रत्यक्ष साक्ष मिळत नाही. सीमेवरच्या राउटरने काढलेला सारांशच मिळतो, म्हणजे थोडी ऐकीव गोष्ट येथे पुन्हा आलीच. पण ती फक्त मधल्या विभागातूनच जावी, असे बंधन घातले आहे. त्यामुळे आपलीच गोष्ट फिरून आपल्यालाच ऐकू येण्याचा तो जुना घोटाळा होत नाही. ऐकीव गोष्टीवाचून मोठा संसार चालत नाही. पण ती कोणत्या दाराने आत घ्यायची, हे येथे आधीच ठरवून टाकले आहे.

शेवटचे दोन शब्द

आपल्या देशात १९८६ साली शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी अर्नेट हे जाळे सुरू झाले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तोवर वर सांगितलेल्या बहुतेक ठेचा इतरांना लागून गेल्या होत्या. आपल्या मुलांच्या हाती तयार उत्तरे आली. ठेच न लागता वाट मिळाली, हे भाग्यच म्हणायचे. परंतु ठेच कोठे लागली होती हे जो जाणत नाही, तो त्या जागी गाफील राहतो. ज्या दिवशी राउटर पुस्तकाप्रमाणे वागत नाही, त्या दिवशी पाठांतर कामाला येत नाही. तो आकडा तेथे कोणी आणि कशासाठी लिहिला होता, हे ज्ञानच कामाला येते.

म्हणून पालकांना आणि शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती की, मुलाने ओळ बरोबर लिहिली म्हणून लगेच शाबासकी देऊन थांबू नये. ‘का?’ हा एक प्रश्न आणखी विचारावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज ज्या यंत्रांसमोर बसता, त्यांना शहाणे करण्यास माणसांची कित्येक वर्षे गेली, आणि जे शिकवावे लागले ते असे : स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, दुसऱ्याची साक्ष पुढे देताना तिच्यात फेरफार करू नये, आणि बातमी हाती येताच ती शिळी तर नाही ना, हे आधी पाहावे. आज ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येकजण येईल ती वार्ता पुढे ढकलतो आहे. अशा वेळी राउटरला घातलेले हे नियम आपणही आपल्यापुरते पाळण्यास काय हरकत आहे?